गाडीत काय ठेवायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे?

मोर्णाकाठ

लेकीला पुण्यात नोकरी लागली, तिनं जुनी हॅचबॅक घेतली. आता सणावाराला ट्रॅव्हल्सनं न येता स्वतःच गाडी काढून अकोल्याला येते म्हणते. नगर, संभाजीनगर, तिथून समृद्धी धरून मेहकर आणि पुढे नेहमीचा रस्ता. गाडी चांगली चालवते, त्याची चिंता नाही. चिंता बाकीचीच आहे.

घरच्या ग्रुपवर विषय काढला आणि यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली. तिची मामी म्हणते पेपर स्प्रे. मामा म्हणतो हॉकी स्टिक. पुतण्यानं खटक्याच्या चाकूची लिंक टाकली. जावईबापूंनी 'कार सेफ्टी किट' पाठवलं, त्यात काच फोडायची हातोडी, टॉर्च, शिट्टी, होकायंत्र (होकायंत्र!) सगळं एका पिशवीत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यातलं कायद्यानं काय चालतं? आमच्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत काय टिकतं? आणि हे सगळं ठेवायचं कुठे? डिकी भरून ठेवली आणि वेळेला हाती काहीच लागलं नाही, असं व्हायला नको.

---

डिकीतला_कीडा

काका, तिसरा प्रश्न सर्वांत आधी घेतो. लोक वस्तूवर पैसे घालतात आणि ती जिथे रिकामी जागा दिसेल तिथे कोंबतात.

आधी कशाची शक्यता किती ते बघा. पंक्चर, बॅटरी बसणं, इंजिन तापणं हे नेहमीचं. मग अपघात, आग, पाणी. दरोडा सगळ्यांत शेवटी. ग्रुपवरची यादी नेमकी उलटी असते.

हातोडी घ्या. पण ती पट्ट्यात अडकलेल्या, गाडी कुशीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे. ग्लोव्ह बॉक्स समोरून धडक बसली की चेपून अडकतो. दाराच्या कप्प्यातलं सगळं पलटी झाल्यावर छतावर जाऊन पडतं. मधल्या कन्सोलच्या बाजूला, ड्रायव्हरचा हात पट्टा न सोडता पोचेल अशा उंचीवर, जाड वेल्क्रोनं नीट बसवा. लेकीला सीटवर बसवा, पट्टा लावा, डोळे मिटायला सांगा आणि हातोडी काढायला लावा. निघाली तर जागा बरोबर. खांबांवर आणि डॅशबोर्डवर काहीही चिकटवू नका, तिथून एअरबॅग उघडतात.

ज्यात पट्टा कापायचं पातं आतल्या खाचेत असतं तीच हातोडी घ्या. उघडं पातं नको. स्प्रिंगचा पंच मिळाला तर तो उत्तम. पाण्याखाली हात जोरात फिरवता येत नाही, पंच नुसता दाबायचा असतो.

आणि हे ग्रुपवर कुणी सांगणार नाही: समोरची काच हातोडीनं फुटत नाही. ती लॅमिनेटेड, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर. तडे जातील, भोक पडणार नाही. मारायचं ते बाजूच्या काचेवर, तेही मधोमध नको, कोपऱ्याजवळ. आता काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाचून घ्या. तुमच्या जुन्या हॅचबॅकला बहुधा टफन्डच (फुटली की बारीक तुकडे होणारी) असेल.

हेडरेस्ट काढून त्याच्या दांड्यानं काच फोडायचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. एकदा घरी हेडरेस्ट उपसून बघा. दोन्ही खटके दाबून ती बाहेर काढायला लागणारा वेळ पाण्यात मिळत नाही.

---

लिंबूटिंबू

मामांना सांगा, हॉकी स्टिक ठेवायची तर एक चेंडू आणि शिनगार्डही ठेवा. नाकाबंदीला हवालदारानं विचारलं तर निदान मॅचला चाललोय म्हणता येईल. हलके घ्या.

(होकायंत्र कन्याकुमारीला जाताना उपयोगी पडेल.)

---

हरकतीचा_मुद्दा

लिंबूटिंबू हसण्यावारी नेतायत, पण मुद्दा खरा आहे. वकिली करतो म्हणून थोडं सविस्तर.

चाकू: शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू येतो. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणून शेतकऱ्याच्या टेम्पोत उसाचा कोयता असला तर त्याला उत्तर आहे. पुण्यात आयटीवाल्याच्या सीटखाली तोच कोयता सापडला तर नाही, आणि पुण्यात सध्या कोयता या वस्तूकडे पोलीस कोणत्या नजरेनं बघतात ते सांगायला नको. पुतण्याचा खटक्याचा चाकू नऊ इंचांच्या आत असेलही. पण पोलीस पट्टी घेऊन मोजत बसत नाहीत, आधी ठाण्यात नेतात.

लाठी, स्टिक, बॅट: यांना परवाना लागत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढतात. त्या काळात शस्त्रं, सोटे, काठ्या, शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला बंदी. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की हे आदेश एकामागून एक निघतात. लेक पुण्याहून अकोल्याला येताना पाच-सहा जिल्हे ओलांडते. कुठे आदेश चालू आहे हे तिला काय, मलाही पेपर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

पेपर स्प्रे: परवाना लागत नाही. पण वापर कशासाठी केला हे बघितलं जातं. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर असं प्रकरण आलं, जिवाला धोका नसताना वादावादीत स्प्रे मारला होता. न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला.

विजेचा झटका देणाऱ्या वस्तू ऑनलाइन सर्रास दिसतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्या प्रकाराची दखल घेतली आहे. त्या फंदात पडू नका.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (जुन्या भादंविचं ९६ ते १०६). कायदा तुम्हाला शेपूट घालून पळा म्हणत नाही. पण पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली का, हे दोन प्रश्न विचारतोच. सीटखाली मुद्दाम ठेवलेली बॅट असली की समोरचा वकील म्हणणार, 'तयारीनंच निघाला होता.' आणि ओव्हरटेकवरून झालेल्या भांडणात ती बॅट बाहेर निघतेच, हे मी कोर्टात बघतो.

---

रोखठोक

वकीलसाहेब, कलमं ठीक आहेत हो. रात्री दोन वाजता समृद्धीवर खिळे ठोकून गाडी अडवली तर तुमचं कलम ३७ काय कामाचं? व्हिडिओ बघितला नाहीत का?

---

डिकीतला_कीडा

बघितला. सप्टेंबर २०२५ मधला, संभाजीनगरजवळचा. रात्री एकामागून एक गाड्यांचे टायर गेले, दरोडेखोरांनी रस्त्यात खिळे ठोकले म्हणून देशभर फिरला. निघाले काय? रस्त्याचे तडे भरायच्या कामासाठी बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल, काम चालू असताना वाहतूक नीट वळवली नव्हती. संताप यावा असंच आहे ते. पण त्या रात्री तिथे अडकलेल्यांना काय लागलं असतं ते सांगा. बॅट? का टायरमध्ये हवा भरायचा पंप, चांगली स्टेपनी, टॉर्च आणि मागून येणाऱ्याला दिसेल असं काहीतरी?

आता स्टेपनीचं. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचा किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर कंपनीनं स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. जुन्या गाडीत असेलच, पण तिच्यात हवा आहे का? आणि गाडीबरोबर येतो तो आखूड पाना बघा. दुकानदारानं मशीननं आवळलेले नट त्या पान्यानं पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला सुटत नाहीत. लांब दांड्याचा किंवा क्रॉस पाना घ्या. तो डिकीत स्टेपनीच्या खोबणीत, फडक्यात गुंडाळून. हा पाना बाळगल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही, हेही लक्षात घ्या रोखठोक.

---

रानजाई

मी नाशिक-धुळे-जळगाव पट्ट्यात कामानिमित्त एकटीनं गाडी चालवते, बऱ्याचदा अंधार पडल्यावर. स्प्रेबद्दल बोलते, कारण तो विकत घेणाऱ्या बहुतेकजणी पाकीट न फोडताच पर्समध्ये टाकतात.

काका, स्प्रे गाडीचा नाही, माणसाचा. तो तिच्या अंगावरच्या छोट्या पाऊचमध्ये राहिला पाहिजे. धोका असतो तो गाडीपासून दहा पावलांवर, पार्किंगमध्ये, ढाब्याच्या मागच्या बाथरूमकडे जाताना. बंद गाडीच्या आत तो मारायचाच नाही. समोरच्याआधी तुमचेच डोळे मिटतात आणि मग गाडी कोण चालवणार?

घेताना फवारा नको, धार किंवा जेल घ्या. वाऱ्यानं फवारा उलटून आपल्याच तोंडावर येतो. पल्ला आठ-दहा फुटांचा. डब्यावरचं लॉक कसं सरकतं ते अंधारात, अंगठ्यानं, न बघता जमलं पाहिजे. काहींना बाजूला सरकवायचं असतं, काहींचं झाकण उचलून बोट आत घालायचं. माझ्या एका सहकारिणीचा डबा हातात उलटा यायचा, तोंड स्वतःकडे. तिनं नोझलच्या मागच्या बाजूला खरखरीत टेप चिकटवली, बोटाला लागलं की कळतं. मोकळ्या मैदानात, वाऱ्याला पाठ करून, अर्धा सेकंद मारून बघा. त्यानं डब्यात दाब आहे हेही कळतं. तारीख उलटली की औषध जागेवर असतं, ढकलणारा वायू निघून गेलेला असतो.

आणि तुमचा मे महिन्याचा प्रश्न. डब्यावर लिहिलेलंच असतं, ५० अंशांच्या वर ठेवू नका. अकोल्यात बाहेर ४५ असताना उन्हात उभी बंद गाडी आतून साठच्या पुढे जाते, डॅशबोर्ड त्याहून जास्त. स्प्रे, डिओ, लायटर, पॉवर बँक, सॅनिटायझर, यातलं काहीही गाडीत सोडायचं नाही. गाडी बंद केली की पाऊच अंगाबरोबर.

माझा खरा भरवसा मात्र दुसऱ्याच गोष्टींवर. टाकीत अर्ध्याच्या खाली पेट्रोल जाऊ द्यायचं नाही. दारं आपोआप लॉक होतात का ते बघायचं, नसतील होत तर हातानं. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील इतकं अंतर ठेवायचं, म्हणजे वळवून निघता येतं. 'मॅडम, ऑइल गळतंय', 'टायर बसलाय' म्हणून कुणी खुणावलं तर मान हलवायची आणि उजेडातल्या पेट्रोल पंपावर किंवा टोलनाक्यावर जाऊनच उतरायचं. हलक्या धडकेनंतरही तसंच. हॉर्न, हेडलाइट आणि ॲक्सिलरेटर यांच्याइतकं दुसरं शस्त्र नाही गाडीत.

अंडं फेकलं तर वायपर लावू नका, हा फॉरवर्ड आता इथे कुणी टाकू नये ही विनंती.

---

लिंबूटिंबू

टाकणारच होतो. 😐

---

मोर्णाकाठ

रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद लेकीला तसाच्या तसा पाठवला. टेपची कल्पना तिला आवडली.

आगीचं कुणी बोललं नाही. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळाली, पंचवीस माणसं गेली. आमच्याच भागातली गोष्ट. फायर एक्स्टिंग्विशर छोट्या गाडीत ठेवावा का?

---

भट्टीवरचा

कारखान्यात सेफ्टीचं काम करतो. ठेवावा, पण त्यानं काय होतं आणि काय होत नाही हे समजून.

एक किलोचा एबीसी पावडरचा घ्या, आयएसआय शिक्का आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघून. दाबाचा काटा असलेलाच घ्या, हिरव्या पट्ट्यात आहे का हे एका नजरेत कळतं. परफ्यूमच्या बाटलीसारखे फोमचे छोटे कॅन मिळतात, तेही रानजाईंनी सांगितलेल्या उन्हाच्या यादीतच धरा. सिलिंडरवर कमाल तापमान लिहिलेलं असतं, ते ६० तरी असावं, आणि उन्हाळ्यात गाडी सावलीत लावावी.

एक किलो म्हणजे आठ-दहा सेकंद. बस्स. सीटवर पडलेली ठिणगी, वायरिंगचा धूर, सुरुवातीची आग, एवढंच त्याचं काम. आधी सगळी माणसं बाहेर, मग सिलिंडर. बॉनेटमधून धूर येत असेल तर आतला खटका ओढा, पण बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. पहिल्या लॉकवर जेवढी फट पडते तिच्यातून नळी आत रोखून मारा. एका डब्यात विझली नाही तर मागे सरका, गाडी जाऊ द्या. विमा असतो. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीनं पेट घेतला तर या डब्यानं काहीही होणार नाही, लांब जा आणि ११२ लावा.

आता खरी अडचण. तो डिकीत ठेवला तर पेटलेल्या गाडीची डिकी उघडायला जाणार का? आणि पुढे सीटखाली नुसता सरकवून ठेवला तर ब्रेक लावल्यावर तो पुढे घरंगळत येतो. ब्रेकच्या पेडलखाली पाण्याची बाटली अडकून अपघात होतात, हा तर लोखंडाचा. पेडल तळापर्यंत जातच नाही. म्हणून कंसात (ब्रॅकेटमध्ये), क्लॅम्प लावून, घट्ट.

अजून एक. गाडीच्या थरथरीनं पावडर तळाशी बसून घट्ट होते. महिन्यातून एकदा काढून उलटा करा, कानाजवळ धरून हलवा, पावडर सरकल्याचा आवाज आला पाहिजे.

---

ताम्हिणीचं_धुकं

बंद पडलेल्या गाडीबद्दल. आपल्याकडे ट्रकमागे झाडाच्या फांद्या ठेवतात आणि चाकाला दगड लावतात. फांदी वाईट नाही, दिवसा दिसते. दगड मात्र लोक तिथेच टाकून जातात, रात्री मागच्या दुचाकीवाल्याचा जीव जातो.

लाल त्रिकोण गाडीबरोबर आलेला असतो, बहुतेकांनी उघडूनही बघितलेला नसतो. घडी कशी उलगडते ते घरी बघा. पन्नास मीटर मागे ठेवा, द्रुतगती मार्गावर त्याहून बराच मागे, घाटात वळणाच्या अलीकडे. हातात धरून, चमकता भाग मागच्या गाड्यांकडे करून चालत जायचं. चमकदार जाकीट घ्या, बांधकामाच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. ते डिकीत नको, सीटच्या मागच्या खिशात. उतरायच्या आधी अंगावर चढलं पाहिजे. आणि समृद्धीसारख्या रस्त्यावर गाडीत बसून मदतीची वाट बघायची नाही, गार्डरेलच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

टॉर्च कपाळाला बांधायचा घ्या. मोबाइल तोंडात धरून नट सोडवता येत नाहीत.

---

राइनकाठ

जर्मनीतून. इथे जाकीट, त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी गाडीत असणं सक्तीचं आहे. पोलीस थांबवतात तेव्हा हेच मागतात आणि पेटीवरची तारीखही बघतात. इंग्लंडात माझी बहीण आहे, तिच्यासाठी भारतातून पेपर स्प्रे न्यायचा विचार कुणी करू नका, तिथे तो बंदुकीच्या कायद्याखाली बंदी घातलेला आहे. विमानाच्या केबिनमध्येही चालत नाही.

---

गोळी_आणि_चाटण

डॉक्टर आहे. गाडीतल्या प्रथमोपचार पेटीतल्या चिकटपट्ट्या दोन उन्हाळ्यांत विरघळून एकमेकींना चिकटलेल्या असतात. फेकून द्या. चार-सहा रुंद रोलर बँडेज, निर्जंतुक गॉजची पाकिटं, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, ओआरएस. रक्त वाहत असेल तर गॉजचा जाड थर ठेवून तळहातानं सलग दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. गोळ्या, इन्सुलिन गाडीत ठेवायचंच नाही, पर्समध्ये.

रस्त्यात दुसऱ्याच्या अपघाताला थांबावं का, असं मुली हमखास विचारतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-अ कलम आलं, मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. नाव सांगण्याची सक्ती नाही. एकटी असेल आणि जागा निर्जन असेल तर पुढे जाऊन १०८ ला फोन केला तरी ती मदतच आहे.

---

रोखठोक

ठीक आहे, नोझलचं मान्य. पण पाण्याचं कुणी नीट सांगितलं नाही. २६ जुलै २००५ ला मी कलिन्यात होतो. त्यानंतरच मुंबईत हातोड्या विकायला लागल्या. बंद पॉवर विंडोच्या गाड्यांत माणसं गुदमरली.

गाडी पाण्यात गेली की पहिला अर्धा मिनिट सोन्याचा. दार उघडायला जाऊ नका, बाहेरचा दाब उघडू देत नाही. पट्टा सोडा, काच खाली करा. पॉवर विंडो सुरुवातीला बहुधा चालते. नाही चालली तर लगेच हातोडी, बाजूच्या काचेला. मागे पोरं असतील तर चाइल्ड लॉक लक्षात ठेवा, ती दारं आतून उघडत नाहीत. आणि मुळात पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. फूट-दीड फूट वाहतं पाणी छोटी गाडी ढकलतं. पाण्याखाली रस्ता आहे का वाहून गेलाय, हे काठावरून दिसत नाही.

---

डिकीतला_कीडा

रोखठोक +१. (हे मी लिहीन असं वाटलं नव्हतं.)

---

मोर्णाकाठ

सर्वांचे आभार. हॉकी स्टिक आणि चाकू यादीतून गेले, मामा दोन दिवस बोलणार नाहीत. हातोडी, सिलिंडर, क्रॉस पाना, पंप, जाकीट घेतो. होकायंत्र नातवाला.

एक शेवटचं. सिलिंडरचा कंस बाजूच्या सीटच्या पुढे, खाली बसवावा म्हणतोय. गल्लीतला ॲक्सेसरीवाला म्हणतो, तळाला दोन भोकं पाडून दहा मिनिटांत बसवून देतो. देऊ का पाडू?

---

डिकीतला_कीडा

अजिबात नाही. तळाच्या कार्पेटखालून वायरिंग जातं, काही गाड्यांत पेट्रोलची नळीही. शिवाय भोकातून पाणी आलं की पत्रा गंजतो. सीटची रुळं ज्या बोल्टनी तळाला बसवलेली असतात, त्यांतले पुढचे दोन वापरून आडवी पट्टी बसते, तिच्यावर कंस. पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घ्या, तीन मिलिमीटरची पुरे. बोल्ट परत आवळताना सर्व्हिस सेंटरमधूनच टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळून घ्या, तो सीटचा बोल्ट आहे. आणि सीटखाली पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तिला हात लावू देऊ नका कुणाला, ती एअरबॅगची असते. बसवल्यावर सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा, कुठे घासत नाही ना. फोटो टाका इथे.